हळद कच्ची लागते

जावा बेटावरच्या सोलोत, आमच्या गल्लीत, समिंतेन नावाची बाई काढा विकायची. हळद, चिंच न् ताडगूळ उकळून केलेला. बाटल्यांची टोपली कापडानं पाठीला बांधायची न् दारोदार फिरायची. सगळे तिला यू म्हणायचे, म्हणजे थोरली ताई. नवरा दार्सो गेला, न् बाई गं, त्यानंतर धंदा बसतच चालला. जुनी गिऱ्हाइकं फाटकाआडूनच म्हणायची, "आज नको, यू, पोट भरलंय." बाटल्या नेल्या तशा परत यायच्या. पोरंबाळं नाहीत, घरात ती न् भिंती. काढा सुटला तर तिच्यासाठी फाटक उघडणार तरी कोण?

तेवढ्यात वॉर्डाच्या मांडवात दर शुक्रवारी एक पोरगी यायला लागली, विंदा नावाची. धंदा कसा करायचा ते शिकवायची. समिंतेनला अक्षर येत नव्हतं, पण कान शाबूत होते. जाऊन मागं बसायची.

"छान आहे का, असं गिऱ्हाइकाला विचारू नका," विंदा म्हणाली. "काय बिघडलंय, ते विचारा. न् त्याआधी घरातल्याला चाखवा, ज्याला तुमची भीड नाही."

टेंपे म्हणजे सोयाबीनच्या वड्या तळून विकणारी तुमी ओरडली, "माझ्या सासूला विचारावं लागतच नाही! घास तोंडात जायच्या आत नावं ठेवते!"

सगळ्या खिदळल्या. समिंतेनही हसली. घरी आली, पेला भरला, न् हातात धरून तशीच उभी राहिली. चाखवायचं कुणाला? दार्सो रोज पहाटे पहिला घोट घ्यायचा न् म्हणायचा, "हे काय, म्हशीला पाजायचंय?"

दुसऱ्या दिवशी तिनं फाटकाफाटकाशी विचारलं, "काय बिघडलंय, सांगा की."

"छे छे, छान आहे, यू!"

"पूर्वीसारखंच ना?"

"त्याहून छान!"

न् हिची पाठ वळली की अर्धा पेला जास्वंदीच्या मुळाशी. एकदा तिनं वळून पाहिलंच. आमच्यात तोंडावर वाईट म्हणत नाहीत, जीव गेला तरी.

शेवटच्या शुक्रवारी विंदानं विचारलं, "कसा वाटला वर्ग?"

"छान! फारच छान!" सगळ्या एका सुरात.

विंदा हसली. ते हसू समिंतेनला ओळखीचं वाटलं. जास्वंदीला पाजलेला पेला परत घेताना ती स्वतः अगदी तसंच हसायची. ती उठून उभी राहिली.

"पोरी, तू फार भराभर बोलतेस. आम्हा मागच्यांना निम्मं कळत नाही. न् त्या परदेशातल्या मोठ्या दुकानांच्या गोष्टी सांगतेस, त्या टोपलीवालीच्या काय कामाच्या?"

तुमीनं तिची बाही ओढली. "खाली बस गं, यू! लाज विकून खाल्लीस का?"

घरी जाताना बायका तिला मागं टाकून पुढं चालल्या. कुणी वळून बघितलंसुद्धा नाही.

सकाळी फाटक वाजलं. विंदा! "गावोगाव शिकवते मी, यू. सगळे छान म्हणतात न् पुन्हा कुणी येत नाही. का, ते कुणी सांगतच नव्हतं."

समिंतेननं पेला भरून पुढं केला. "आता तू सांग. भीड नको."

विंदानं घोट घेतला. पेल्यात बघत राहिली.

"बोल की, बाई!"

"हळद कच्ची लागते, यू."

समिंतेन पायरीवरच टेकली. कच्ची! अगं, दार्सो होता तेव्हा चुलीपाशी दोघांच्या गप्पा रंगायच्या. कुणाची कोंबडी हरवली, कोण कुणाशी भांडलं. तोवर काढा आपोआप शिजायचा. तो गेला, न् त्या मुक्या चुलीपुढं हिला बसवेना. उकळी फुटली की उतरवायची.

आता बसते. एकटीच. पातेल्याला सांगते, तुमीचा अबोला अजून सुटला नाही, पलीकडचं बकरू पुन्हा आपल्या केळीत घुसलं. सांगण्यासारखं संपलं की चाखते, न् स्वतःच म्हणते, "हे काय, म्हशीला पाजायचंय?" मग पुन्हा बसते.

हल्ली एखाददुसरं फाटक उघडतं. ती रोज विचारते, "काय बिघडलंय?" लोक म्हणतात, "छान आहे, यू." ती मान डोलावते, पाठ न वळवता थांबते न् पेल्याच्या तळाशी बघते. तळ दिसला की टोपली पाठीला घेते, पुढं चालते.