पाठवणीची धून

केजच्या आमच्या बँडात मी ढोल वाजवतो आणि माझा जोडीदार क्लॅरनेट. जेवतानासुद्धा त्याची बोटं ताटाच्या कडेवर पळत असतात. "चांगलं वाजलं" एवढ्यानं त्याचं भागत नाही. "तान कशी गेली ते सांग बे," म्हणून मागं लागतो. डोक्यात जातं माझ्या.

परवा एका लग्नात त्यानं पाठवणीची धून धरली. नवरी आईच्या गळ्यात पडली होती. यानं एकेका सुराला अशा हरकती लावल्या, की बायकांचे डोळ्यांना लावलेले पदर खाली आले आणि पोरं मोबाईल काढून त्याच्या बोटांचं शूटिंग करू लागली. नवरीही बघतच राहिली.

तेवढ्यात नवरीची आई त्याच्यापाशी आली. "दादा, लई भारी वाजवता तुमी. पण जरा साधं वाजवा की. मला रडूच येईना."

त्यानं मान हलवली. पहिला सूर सरळ, लांब धरला. दुसऱ्यालाच हरकत घुसली. त्यानं क्लॅरनेट ओठांवरून काढलं. "तूच वाजव बे," मला म्हणाला.

मी नुसता संथ ठेका धरला आणि मायलेकी रडल्या. तो तोंड फिरवून उभा होता. त्याची बोटं मुक्या क्लॅरनेटवर पळतच होती.