गणित माझं, जीवशास्त्र मधूचं

तापीकाठी हातोडा गावाच्या घाटावर नाव लागली होती. आमच्या दोन पत्र्याच्या ट्रंका नावेत चढवून झाल्या होत्या, तेवढ्यात आप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला बाजूला बोलावलं. तापी ओलांडून नंदुरबार, तिथून धुळे आणि धुळ्याहून पुणे असा आमचा प्रवास होता. आमचा म्हणजे माझा आणि माझा चुलत भाऊ मधू याचा. दोघंही एकाच वर्षी मॅट्रिक झालो होतो, दोघांनाही एकाच कॉलेजात सायन्सला जायचं होतं. पहिल्या वर्षाला विषय निवडावे लागत. जीवशास्त्र घेईल तो पुढे डॉक्टरीकडे जाणार, गणित घेईल तो इंजिनिअरिंगकडे. कोणी काय घ्यायचं हे घरात कोणी बोललं नव्हतं, कारण ते ठरलेलंच आहे असं मी धरून चाललो होतो. जीवशास्त्र माझं होतं.

"तू गणित ले," आप्पा म्हणाले. "डाक्टरी मधूले शिकू दे."

आप्पांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि जरा हळू आवाजात पुढे सांगितलं, "मळामा आते इंजिन उनं शे. उद्या ते बंद पडनं ते मी कोनले बलावू? डाक्टर व्हयनारा लांब जाई. तू मन्हाजोडे ऱ्हाय."

तापीचं पाणी उपसणारं तेलाचं इंजिन त्याच साली आमच्या मळ्यात बसलं होतं. ते बिघडलं की नंदुरबारहून मिस्त्री आणावा लागे आणि मिस्त्री येईतो केळीचे वाफे कोरडे पडत. यंत्रातलं कळणारा एक मुलगा घरात हवा, एवढा सरळ हिशेब आप्पांचा. माय पदरानं डोळे पुसत "येळवर जेवत जाय, रघू बेटा" असं म्हणत होती आणि मी तिच्याकडे न बघता नावेत जाऊन बसलो. मधू माझ्या शेजारी बसला. पैलतीर येईपर्यंत मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

जे गावातच राहिले त्यांना हे आठवत असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. जीवशास्त्र माझं, असं मी उगाच म्हणत नव्हतो. आदल्या उन्हाळ्यात आमची म्हैस अडली होती. भर दुपारी, सगळे आपापल्या घरी जेवायला गेलेले. रेडकाचा एक पाय आत मुडपला होता. आप्पांचा हात जाड, आत जाईना. मी कोपरापर्यंत तेल लावलं, हात घातला, पाय चाचपून सरळ केला आणि रेडकू ओढून काढलं. जिवंत. मधू काहीही न धरता नुसता उभा होता आणि तरीही चक्कर येऊन कडब्यावर आडवा झाला. गावभर झालं. पारावर बसणारे म्हातारे म्हणायचे, "हाऊ पोऱ्या डाक्टर व्हई." तो पोऱ्या म्हणजे मी.

आणि झालं काय, तर त्या रेडकानंच माझा घात केला. आप्पांना त्या दिवशी कळलं की माझा हात चांगला आहे आणि चांगला हात कोण घराबाहेर जाऊ देतो? मधू शेतात कामाचा नव्हता. त्याला वखर धरता येत नसे, बैल त्याला जुमानत नसत. म्हणून लांबचं शिक्षण त्याला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

पुण्यात प्रवेशाच्या खिडकीपाशी रांगेत मी मधूच्या मागे होतो. कारकुनानं त्याला विचारलं, "ए ग्रुप का बी?" ए म्हणजे गणित, बी म्हणजे जीवशास्त्र. मधू "बी" म्हणाला, तेही माझ्याकडे वळून, चोरटेपणानं. माझी पाळी आली. आप्पा पुण्यापासून कितीतरी लांब होते. मी काय बोललो ते त्यांना कळायला दिवाळी उजाडली असती. "बी" अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी "ए" म्हणालो. आज कोणाला सांगितलं तर हसतील, पण तेव्हा बापाचा शब्द मोडता येतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. "मन्हाजोडे ऱ्हाय", माझ्याजवळ राहा, असं आप्पा यापूर्वी मला कधी म्हणाले नव्हते, हेही होतंच.

एकाच खोलीत राहणं ही शिक्षा वेगळी. माझ्या टेबलावर लॉगॅरिदमच्या तक्त्यांची चोपडी आणि मधूच्या टेबलावर मेणाचा ट्रे, चिमटे, कात्र्या. त्याच्या शर्टाला प्रयोगशाळेतल्या औषधाचा उग्र वास यायचा आणि तो नाक मुरडायचा. मला तो वास हवा होता. पहिले काही आठवडे बेडूक कापायच्या दिवशी तो जेवत नसे. मी मुद्दाम त्याच्यासमोर दोन पोळ्या जास्त खायचो. मला मनापासून वाटायचं की हा नापास व्हावा, घाबरून घरी पळून जावा आणि मग कोणीतरी मला म्हणावं, बस बाबा त्याच्या जागी.

एकदा सराव म्हणून त्यानं मेसच्या कोठीतून झुरळं पकडून आणली. झुरळाच्या लाळग्रंथी अखंड सोडवून दाखवायच्या असत, फार नाजूक काम. त्यानं तीन-चार झुरळं वाया घालवली. मला बघवेना. "सरक," म्हटलं आणि चिमटा घेतला. त्याच्या पुस्तकातलं चित्र उभं करून ठेवलं आणि सावकाश एकेक पापुद्रा बाजूला करत गेलो. ग्रंथी चित्रातल्यासारख्या पसरून ठेवल्या. मधूनं ट्रे जवळ ओढून पाहिला.

"हाई तुन्हं काम व्हतं," तो म्हणाला. "मन्हं नही."

तो मनाचा चांगला आहे, हीच तर माझी खरी अडचण. लबाड असता तर त्याचा राग तरी करता आला असता. त्या दिवशी मला त्याच्या तोंडावर ट्रे फेकावासा वाटला. पण त्यानंतर तो माझ्या हाताकडे बघत बघत शिकला. मी दाखवायचो, तो करायचा. वर्ष संपेपर्यंत त्याचा हात बसला आणि चक्कर यायची थांबली. त्याला मेडिकलला जागा मिळाली, मला इंजिनिअरिंगला. पदरी पडलं पवित्र झालं, असं म्हणून मी पुढे गेलो. गणित वाईट नव्हतं. फक्त ते माझं नव्हतं.

मग जे झालं ते आप्पांच्या हिशेबाच्या बरोबर उलट. इंजिनिअर होऊन मी घरी आलो तो मळ्यातलं इंजिन गावातलाच एक मुलगा दुरुस्त करायला शिकला होता. शिवाय सगळा गाव म्हणू लागला की एवढं शिकून हा काय इंजिनाच्या पट्ट्याला मेण लावत बसणार? नोकरीचं पत्र आलं ते भिलाईहून, पोलाद कारखान्याचं. आप्पांनी ते हातात धरून उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "जाय. दोन वरीस करी ये." ते दोन वरीस अजून चालू आहेत.

भिलाईत आमच्या सेक्टरमध्ये सगळी घरं एकसारखी आहेत. शेजारी डावीकडे बंगाली, उजवीकडे मद्रासी आणि समोर पंजाबी. भोंगा वाजला की शिफ्ट सुटते आणि सायकलींचा लोंढा निघतो. बायको भाजीला सब्जी म्हणायला लागली, मीही म्हणतो. धाकट्याला आप्पांची भाषा समजत नाही. "दादाजी क्या बोल रहे हैं?" असं मलाच विचारतो आणि मी त्याला आप्पांचं बोलणं हिंदीत सांगतो. क्वार्टरमध्ये वीज आहे, नळ आहे, मला तक्रारीला जागा नाही. भट्टीजवळ उभं राहून मी काम करतो, माणसं मला साहेब म्हणतात. दादर ज्वारीची भाकरी मिळत नाही एवढंच.

आणि मधू, जो लांब जायचा होता, तो आमच्या गावाजवळच तळोद्यात आहे. मोठी माय, त्याची विधवा आई, एकटी होती म्हणून तो परतला आणि बाजारपेठेत दवाखाना काढून बसला. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं त्याच्याकडे येतात. त्यांच्या बोलीत तो त्यांना दुखतं कुठे ते विचारतो. संध्याकाळी फटफटी काढून गावी येतो, आमच्या ओसरीवर बसतो, माझ्या आईच्या हातची भाकरी खातो. मी सुट्टीत तळोद्याला गेलो होतो तर कापडदुकानदार मला निरखून म्हणाला, "तुम्ही डाक्टरना भाऊ ना?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

खरं सांगतो, मला आधी त्याच्या विषयाचा हेवा वाटायचा, मग डिग्रीचा. आता डिग्रीचं काही वाटत नाही. आता त्याच्या संध्याकाळींचा वाटतो. विषय त्याच्याकडे गेला ते मी सोसलं असतं. पण ज्या घरासाठी मी तो सोडला ते घरही त्यालाच मिळालं, हे मला अजून पचत नाही. देवानं एखाद्याला वाढावं तरी किती?

गेल्या हिवाळ्यात आप्पांना अर्धांगाचा झटका आला. तार मिळाली तसा निघालो. दुर्गहून नागपूर, भुसावळला गाडी बदलून नंदुरबार. घरी पोचलो तेव्हा मधू खाटेवर बसून आप्पांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन एकेक बोट सरळ करत होता. अगदी हळू, एकेक. कोणाचं बघून तो असा हात चालवायला शिकला हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्यानं उठून मला जागा दिली. मी आप्पांचा हात हातात घेतला आणि मला त्याचं काय करायचं ते कळेना.

आप्पांनी डोळे उघडले. जीभ जड झाली होती. "कव्हय उना?" कधी आलास, असं त्यांनी विचारलं आणि लगेच, त्याच दमात, "कव्हय जाशी?"

मी आठवडाभर राहिलो. मायनं माझ्यासाठी पाहुण्यासारखं रोज गोड केलं. मधू सकाळ-संध्याकाळ येत होता, सुई देत होता, आप्पांना कूस बदलून देत होता आणि आप्पा त्याच्यावर खेकसत होते, पाणी लवकर दिलं नाही म्हणून, उशी नीट ठेवली नाही म्हणून. माझ्यावर एकदाही खेकसले नाहीत. माझ्याशी ते फार नीट बोलले.

निघायच्या दिवशी मधूनं मला फटफटीवरून तळोद्याच्या एसटी स्टँडवर सोडलं. गाडी लागली होती. मी खिडकीत बसलो, तो खाली उभा राहिला. माझं तोंड बघून त्याला वाटलं असावं की मला आप्पांची काळजी लागलीय. ती होतीच, पण तेवढीच नव्हती. त्यानं खिडकीच्या गजावर हात ठेवला.

"काका रोज तुन्हं नाव लेतस," तो म्हणाला. "सकायमा डोया उघडा का पहिले तुन्हंच नाव. माले रघूच म्हनतस."

हे त्यानं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. गाडी सुटली, तो हात हलवत राहिला आणि मीही हलवला. भिलाईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आमच्या घरात रोज सकाळी आप्पा मला हाक मारतात, आणि ओ द्यायला मधू असतो.