करंडीची वजावट

आमच्या घरात त्या प्रकाराला अजूनही ‘चूक’ म्हणतात. जेवताना विषय निघालाच तर माझे दीर ताटाकडे बघत म्हणतात, “त्या वर्षी वजनात जरा चूक झाली होती ना.” त्या वर्षी नाही, चार वर्षं. आणि त्या चार वर्षांत सायवनचा एक माणूस आपल्या सख्ख्या भावाच्या नजरेत चोर ठरला होता, आमच्यामुळे. हे मला शांतपणे सांगता येत नाही, आणि सांगायचंही नाही.

डहाणूच्या किनाऱ्याला आमचा चिकूचा काटा आहे. बागायतदार माल आणतात, आम्ही तो तोलतो, निवडतो आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांना पाठवतो. आगरपासून झाईपर्यंतचे लोक येतात, आतले डोंगराकडचेही येतात. सासऱ्यांच्या काळात माल बांबूच्या करंड्यांतून यायचा. तळाला पेंढा, वर पाला, त्यात चिकू धुतलेले असले की सगळं ओलं. म्हणून दर करंडीमागे साडेतीन किलो वजा करायचे, असा सासऱ्यांनी नेम घातला होता. तो सगळ्यांना ठाऊक होता, सगळ्यांना मान्य होता, आणि त्यात काही खोट नव्हती.

मग व्यापाऱ्यांनी प्लॅस्टिकचे क्रेट मागितले. पेंढा गेला, पाला गेला. मोकळा क्रेट दोन किलोसुद्धा भरत नाही. करंड्या गेल्या, पण त्यांची वजावट राहिली. चिठ्ठीवर आम्ही फक्त निव्वळ वजन लिहायचो, त्यामुळे कुणी विचारायचा प्रश्नच आला नाही.

सासरे क्रेट येण्याआधीच वारले होते, काटा दीर बघायचे. क्रेटच्या पाचव्या हंगामात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि काट्यावर मी बसले. मला भाजीवालीचा तराजूसुद्धा आधी मोकळा बघायची खोड आहे. चौथ्या की पाचव्या दिवशी मी रिकामा क्रेट काट्यावर ठेवला. एक किलो सातशे. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. मग दिरांना फोन केला.

“हे साडेतीन कसले कापतो आपण?”

“करंडीचे. बाबांपासून आहे.”

“करंड्या कुठे आहेत?”

ते मग म्हणाले, “वहिनी, धंद्यात सगळेच कापतात.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या वर्षी चूक असेल, मी मान्य करते. माणूस सवयीने हात चालवतो. पण दुसऱ्या हंगामात त्यांच्या लक्षात आलं होतं, हे त्यांनीच मला नंतर कबूल केलं. लक्षात आल्यावर जी चालू ठेवली, तिला चूक म्हणणाऱ्याच्या तोंडाला काही लाज?

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “उद्यापासून बरोबर काप. मागचं उकरू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची.” मी म्हटलं, उघडून बघ त्या मुठीत कोणाचे चिकू आहेत ते. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो पैसे परत द्यायला तयार झाला, पण कसे? दिवाळीचा बोनस म्हणून. आपल्या माणसांना भेट! दुसऱ्याच्या खिशातलं काढायचं आणि ओवाळणी घातल्यासारखं त्यालाच द्यायचं. माझ्या हातात तेव्हा लाटणं होतं, ते मी ओट्यावर आपटलं. एवढंच केलं, याचं आजही मला नवल वाटतं.

काट्यावर मात्र मी दुसऱ्याच दिवसापासून क्रेटचं खरं वजन धरायला लागले होते. त्याच आठवड्यात सायवनचा तो माणूस आला. डोंगराकडचं भात-नाचणीचं घर, विहिरीच्या पाण्यावर वाढवलेली तीसेक चिकूची झाडं, दोघा भावांची मिळून. थोरला घर बघायचा आणि हा धाकटा टेम्पोतून माल खाली आणायचा. नेहमी चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवायचा आणि निघायचा. त्या दिवशी त्याने चिठ्ठी उघडी धरली.

“बाय, आज जास्त कसं भरलं?”

मी सांगितलं. क्रेटमागे जवळजवळ दोन किलो आम्ही जादा कापत होतो, दोष आमचा, तुमचे पैसे देणार आहोत. तो रागावेल म्हणून मी तयारीत होते. तो खाली बसला, रिकाम्या क्रेटवर.

“पैशाचं बगू मागनं,” तो म्हणाला. “माज्या भावाला येऊन सांगाल का?”

मग त्याने सांगितलं. थोरल्याने घरी आकड्याला टांगून तोलायचा ताणकाटा आणला होता. तो घरी वजन करायचा, क्रेट वजा करायचा, आणि आमच्या चिठ्ठीवर दर वेळी कमी भरायचं. फरक कुठे जातो? हा हायवेच्या नाक्यावर टेम्पो थांबवून विकत असणार! याने शपथा घेतल्या. “काट्यावर येऊन बग,” म्हणाला. थोरला म्हणाला, त्या घराण्याच्या काट्यावर संशय घ्यायचा? आपला बाप त्यांच्याकडे माल घालायचा. शेवटी चूल वेगळी झाली. अंगण एक, पण दोन चुली. याची वहिनी दर खेपेला चिकू मोजून क्रेट भरायची, याच्या डोळ्यांसमोर.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि फास आवळायला त्यांनी वापरलं काय, तर आमचं चांगलं नाव.

घरी मी म्हटलं, सायवनला जाऊन आपण सांगायला हवं. दीर म्हणाले, पाकीट पाठवून द्या. नवरा म्हणाला, “तिथे जाऊन स्वतःला चोर म्हणवून घ्यायचं? इतकं गावभर कशाला?” इतकं! चार वर्षं तो माणूस रोज चोर म्हणवून घेत होता. यांना एक दिवस जड जात होता.

मी एकटी एसटीने गेले. पर्समध्ये त्यांच्या चार वर्षांच्या पैशांचं पाकीट होतं. थोरला अंगणात नाचणीची कणसं पसरत होता. त्याची बायको दारात होती, धाकटा पडवीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला, पाहुण्यासारखा. मी सगळं सांगितलं, करंडीपासून क्रेटपर्यंत. थोरल्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“नाय बाय. तुमी असं करनार नाय. यानं तुमाला आनलंय. तुमचं मन मोठं, म्हनून तुमी आल्यात खोटं बोलाया.”

मी आमची लबाडी कबूल करत होते आणि तो आमचीच बाजू घेत होता. सासऱ्यांनी आयुष्यभर खरं तोललं, त्या पुण्याईवर आम्ही चार वर्षं खोटं तोललं, आणि ती अजूनही संपत नव्हती.

“शेटनी सांगितलं तर मानीन,” थोरला म्हणाला.

मी नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. म्हटलं, “मी सायवनला आले आहे. यांच्या अंगणात.”

“तुला सांगितलं होतं ना,” नवरा ओरडला, “ती वजावट कुणाला सांगत बसू नकोस म्हणून? पैसे दे आणि नीघ. उद्या सगळा डोंगर काट्यावर येऊन उभा राहील.”

स्पीकर चालू आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं. या गोष्टीवरून तो अजून मला बोलतो. बोलू दे.

मी फोन बंद केला. थोरला कणसांकडे बघत राहिला. त्याची बायको आत निघून गेली. मी पाकीट पुढे केलं, तसं थोरल्याने ते घेतलं आणि न उघडताच धाकट्याच्या हातात कोंबलं.

“सगळं तुजं,” तो म्हणाला. “ठेव.”

धाकट्याने पाकीट फोडलं. ओटीवर बसून त्याने नोटांचे दोन सारखे गठ्ठे केले, एक भावाच्या बाजूला सरकवला. आपला गठ्ठा त्याने सावकाश पुन्हा मोजला. मग तोही भावापुढे धरला.

“ह्ये बी मोज,” तो म्हणाला. “मागनं म्हनशील, यानं जास्त घेतलं.”

धाकट्याने हात मागे घेतला नाही. शेवटी थोरल्याने ते पैसे घेतले आणि माझ्यासमोर मोजायला बसला.