मास्तरीणबाई आणि आमचा आड

आमच्या मास्तरीणबाईंपुढं तोंड उघडायची चोरी होती. बोलण्यातला एखादा शब्द त्यांच्या मनात भरला की मध्येच थांबवून विचारायच्या, "ह्याचं माहेर कुठलं?" माणसाचं नव्हे, शब्दाचं. भाजीवाल्यालाही त्यांनी कधी सोडलं नाही. बाई मूळच्या अक्कलकोटच्या. घरात कानडी, पण शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर सोलापुरात आमच्या माडीवर भाड्यानं राहायच्या. ना नात्यातल्या ना गोत्यातल्या, तरी आमच्या दोन्ही घरांत त्यांचा चहा ठरलेला.

दोन्ही घरं म्हणजे माझ्या वडिलांचं आणि काकांचं. अंगण एकच, मधोमध आजोबांच्या वेळचा आड, आणि दोघा भावांत बोलणं बंद. का बंद, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. आड कचऱ्यानं भरला होता. शेवटी काकांनी ठरवलं, आड बुजवून अंगणात भिंत घालायची. वडिलांनी आईकरवी निरोप धाडला, घाल. दारात विटा येऊन पडल्या. आई आणि काकू आपापल्या घरात रडत बसल्या. मलाही रडू फुटलं, खोटं कशाला सांगू!

बाई समजवायला गेल्या, तर काका म्हणाले, "आता जिव्हाळा न्हाय राहिला, बाई. भिंतच बरी."

"जिव्हाळ्याचं माहेर ठाऊक आहे का?" बाईंनी तिथंही सोडलं नाही. "आडाच्या तळाशी जिवंत झरा असतो, त्याला जिव्हाळा म्हणायचे. आधी पाण्याचा, मग माणसांचा. तुमचा गाळानं बुजलाय. उपसून बघा की. पाणी लागलं नाही, तर भिंतीची पहिली वीट मी ठेवते."

काका हट्टी. म्हणाले, "बघूच." गाळ काढायला माणसं उतरली. वर दोर ओढायला हात कमी पडले, तेव्हा वडील येऊन काकांच्या मागं दोराला लागले. फुटके माठ निघाले, चपला निघाल्या, माझा चेंडू निघाला. पाणी काही दिसेना. काका विटांकडं बघायला लागले. आणि ऊन कलताना खालून हाक आली, "लागलं!" माडीवरून बाई कानडीत ओरडल्या, "नीर बंतु!", म्हणजे पाणी आलं, आणि पदर खोचून धावत खाली आल्या.

काकांनी वर आलेल्या पाण्याची ओंजळ तोंडाशी नेली, तोच बाईंनी मनगट धरलं. "आमच्या अक्कलकोटकडं नवं पाणी आधी स्वतः पीत नाहीत. भावाच्या घरी पोचवायचं असतं."

दोन भाऊ दोन घागरी घेऊन निघाले आणि अंगणातच एकमेकांवर आदळले. निम्मं पाणी सांडलं. "सरक की जरा," वडील म्हणाले. कित्येक वर्षांतलं ते पहिलं वाक्य. काका हसले, आणि आम्ही सगळेच हसत सुटलो. त्या विटांचा आडाभोवती कट्टा झाला.

बाई वारल्या तेव्हा आम्ही सगळे अक्कलकोटला गेलो होतो. त्यांच्या बहिणीला मी त्या नव्या पाण्याच्या रिवाजाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "असलं आमच्यात काय बी न्हाई. तिनंच काढलं असंल."

परतताना गाडीत मी हे काकांना सांगितलं.

"माहेर कुटलं का असंना," ते म्हणाले, "आता आमच्या घरचा रिवाज हाय त्यो."