खालचा डावा कोपरा

माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. मी वकील आहे... "पुरावा दाखवा" म्हणणं हेच माझं काम. तरी इथं लिहितेय, कारण ऑफिसात कुणाला सांगायची हिंमत नाही.

सरांचं ऑफिस गिरगावात, एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर. दहशतवादाचा आरोप असलेल्यांच्या केसेस ते लढतात. मी तिथली सगळ्यात ज्युनिअर. पोलिसांच्या कागदांत जवळजवळ दर वेळी एक 'खात्रीलायक बातमीदार' असतो. सर म्हणतात, "ह्याला नाव नाही, पत्ता नाही, कधी चहालासुद्धा येत नाही!"

आमचे क्लार्क तांबेकाका, लालबागचे. चार्जशीटमध्ये कामाचं पान दिसलं की त्याचा खालचा डावा कोपरा आतल्या बाजूला दोनदा दुमडायचे, नखानं दाबून. मी रंगीत फ्लॅग लावले की हसायचे. "चिकटवलेला पडता गो. घडी खंय जातली?"

दिवाळीनंतर काका हार्ट अटॅकनं गेले.

फेब्रुवारीत अर्शदच्या केसमध्ये पुरवणी चार्जशीट आली. अर्शद माहीमचा, एसी रिपेअर करणारा. खोलीत स्फोटकं सापडली असा आरोप. चार वर्षं जेलमध्ये, आणि खटला अजून सुरूच नाही. सोमवारी जामिनाची सुनावणी होती. शुक्रवारी दुपारी त्याची बहीण शबाना आली.

"दीदी, इस बार होगा ना?"

"सर पूरी कोशिश कर रहे हैं," मी म्हणाले.

"आप हर बार फाइल को बोलती हो. मैं इधर बैठी हूँ."

तिच्याकडे बघणं मला खरंच जमत नव्हतं.

ती गेल्यावर कोर्टातून बांधून आलेल्या पुरवणी चार्जशीटच्या गठ्ठ्याची दोरी मी स्वतः कापली आणि पानांवर नंबर टाकायला बसले. सहाशे बाराव्या पानाचा खालचा डावा कोपरा दुमडलेला होता. आत. दोनदा.

झेरॉक्सवाल्याचं काम असणार — पट्टीनं सपाट केला. पान हस्ताक्षरातल्या मराठीत होतं. खरं सांगते, कॉन्व्हेंटमधून आल्यामुळे मी तसली पानं टाळते. सोबतचं इंग्रजी भाषांतर वाचते. ह्या पानाचं भाषांतर नव्हतं, म्हणजे महत्त्वाचं नसणार, असं मीच ठरवलं. गठ्ठा कपाटात ठेवला, कुलूप लावलं.

शनिवारी सकाळी कपाट उघडलं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी सरांकडे — आणि सर नागपूरला. तोच कोपरा पुन्हा दुमडलेला. नखाची रेघसुद्धा स्पष्ट.

मी खिडकी उघडली, बंद केली. जिन्यापर्यंत जाऊन परत आले. कुणाला फोन करणार? शेवटी बसले आणि पहिलीतल्या मुलीसारखं बोट ठेवून वाचलं.

पोलिसांच्या जीपचं लॉगबुक होतं ते. पंचनाम्यात लिहिलं होतं, दुपारी चारला पथक ह्याच जीपनं अर्शदच्या खोलीवर पोचलं. लॉगबुकात त्याच दिवशी तीच जीप सकाळपासून रात्रीपर्यंत चिंचपोकळीच्या गॅरेजमध्ये — ब्रेकच्या कामाला.

सोमवारी सरांनी सुरुवातच त्या पानानं केली. गुरुवारी जामीन झाला.

"कसं सापडलं गं तुला?" सरांनी विचारलं. "भाषांतरही नव्हतं."

"वाचताना," मी म्हणाले. सरांशी आजवर बोललेलं एकमेव खोटं.

खूप विचार केला. मीच दुमडला असेन का, नकळत? पण शुक्रवारी दोरी कापण्याआधी तर गठ्ठ्याला माझा हात लागला नव्हता...

अर्शद सुटल्यावर शबाना मिठाई घेऊन आली. "वो पन्ना किसने ढूँढा, दीदी?"

ह्या वेळी मी तिच्याकडे बघितलं. "हमारे तांबेकाका ने."

"तो उनको घर ले के आओ ना. अम्मी बोल रही थी, एक दिन चाय पे बुलाओ."

मला सरांचा तो बातमीदार आठवला.

"वो... चाय पे नहीं आते," मी म्हणाले.

तो कोपरा मी पुन्हा सपाट केलेला नाही. रोज कोर्टात आम्ही पोलिसांना विचारतो, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" तोच प्रश्न उद्या कुणी मला विचारला, तर माझ्याकडे उत्तर नाही.