सिस्टरांचा हलका हात

हात धुऊन, हातमोजे चढवून झाले की सिस्टर दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायच्या आणि ह्यांना म्हणायच्या, "घाबरू नका भाऊ, आपलेच आहेत."

मुलुंडला आमच्या समोरच्या इमारतीत त्या एकट्या राहायच्या. इस्पितळातली नोकरी संपली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. ह्यांच्या अंगावर पाण्यानं टम्म भरलेले फोड आले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि मोठे फोड निर्जंतुक सुईनं टोचून पाणी काढायला सांगितलं, वरची कातडी मात्र तशीच ठेवून. सुई धरली की माझा हात कापायचा. म्हणून सिस्टर रोज सकाळी येऊ लागल्या.

आणि मी जळू लागले. मी जवळ गेले की हे पाय आखडून घ्यायचे. सिस्टर आल्या की स्वतःच बाही वर करायचे. माझ्याशी 'हो-नाही'पलीकडे न बोलणारा हा माणूस त्यांना कॉलेजातल्या गमती सांगायचा. भाऊ म्हणे! मी त्यांच्या चहात मुद्दाम आलं घालत नसे. तुम्ही हसाल, पण स्वतःच्या नवऱ्याला हात लावायची चोरी झाली, तर तुम्हीही दुसरं काय केलं असतं?

एकदा मी खवचटपणे विचारलंच, आपलेच म्हणजे कोण? फोड पुसता पुसता त्यांनी सांगितलं. अँटिबॉडीज असतात जंतूंशी लढायला. ह्यांच्या मात्र स्वतःच्याच कातडीला चिकटल्या, वरचा थर खालच्या थराला जिथं धरून असतो नेमक्या तिथं. चिकटून गप्प बसत नाहीत, रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांना जागं करतात. ती पांढऱ्या पेशींना बोलावतात, आणि सगळे मिळून तो सांधा उसवतात. मधे पाणी भरतं.

"जंतू कुठेच नसतो, वहिनी. आपल्याच माणसाला परकं समजायचं आणि तुटून पडायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिकामा कप उचलून आत गेले.

पुढच्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "वहिनी, माझा हात थरथरतो हल्ली. आज सुई तुम्ही धरा." नाही म्हणायची सोय नव्हती. त्या माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या. मी तळवे घासले. ह्यांनी डोळे मिटले, पण पाय आखडला नाही. पाणी बोळ्यावर उतरलं, कातडी जागेवर बसली. हे म्हणाले, अगदी सिस्टरांसारखा हलका हात आहे. तेही मला टोचलंच.

फोड सुकत आले तशा सिस्टर यायच्या थांबल्या. मग कळलं, त्या कायमच्या भाचीकडे चिपळूणला चालल्या आहेत. निघायच्या आदल्या दिवशी मी चहा घेऊन गेले. दार उघडंच होतं. खिडकीशी बसून त्या पिशवीचा बंद शिवत होत्या. दोरा संपला. त्यांनी नवा दोरा पहिल्याच खेपेला सुईत ओवला. हात जरासुद्धा हलला नाही.

मला पाहताच त्यांनी सुई पदराआड केली. मी कप पुढे धरला.

"आज आलं घातलंत वाटतं," त्या म्हणाल्या.

आता त्यांची खिडकी बंद असते. ह्यांच्या पाठीला मलम लावण्याआधी मी तळवे घासून गरम करते, आणि अजूनही त्या बाईवर जळते.