पारख्याच्या पोरीची चौकशी

कटंगीच्या बसस्टँडजवळ नीळकंठ छत्र्या, कंदील आणि हातातल्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. पण त्याचा खरा धंदा मत देण्याचा होता आणि तो फुकट चालायचा. कोणी काही विकत घ्यायला निघालं की आधी त्याच्याकडे यायचं. म्हणून सारं गाव त्याला पारखी म्हणायचं. नीळकंठ हे नाव मतदारयादीत आणि बायकोच्या उखाण्यात तेवढं उरलं होतं.

आधीच सांगून टाकतो, माझा या माणसावर जुना राग आहे. अडुसष्ट साली मी ट्रान्झिस्टर घ्यायचं ठरवलं. पारख्याने तो कानाशी धरला, मागचं झाकण उघडून आत हुंगलं आणि म्हणाला, आवाज गोड आहे, पण महिन्याला सेल खाईल. मी तो परत केला. दुसरा नेला, तर म्हणाला, याचा पट्टा कच्चा आहे. तोही परत गेला. पुढची दोन वर्षं मी, शाळेचा मास्तर, शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावून बातम्या ऐकल्या.

त्याची रीत ठरलेली होती. आधी वस्तूचं चांगलं सांगायचं, मग एक खोट. खोट सांगितल्याशिवाय त्याचं मत पुरं होत नसे. स्टोव्ह लवकर पेटतो, पण शेजारणीशी बोलू देत नाही, इतका आवाज करतो. हप्त्याने घेतलेली शिलाई मशीन चांगली, पण शेवटचा हप्ता जाईपर्यंत ती आपली वाटत नाही. वारासिवनीला सिनेमा पाहून आला तेव्हा म्हणाला, कहाणी झकास आहे, पण हिरो तीन तासांत एकदाही जेवला नाही. आणि प्रत्येक मतानंतर तो एक गोष्ट बजावायचा: दुकानदाराला त्याच्याच मालाबद्दल कधी विचारू नका, तो खरं सांगूच शकत नाही.

या जिभेचा फटका बसला तो त्याच्या लेकीला, साधनाला. पोरगी एकविसाची झाली होती. दोन ठिकाणं चालून आली आणि दोन्ही बापाच्या मतामुळे गेली. एका मुलाला तो तोंडावर म्हणाला, घड्याळ छान आहे, पण तुम्ही ते फारच पाहता. दुसऱ्याच्या बापाला त्याने त्यांच्या नव्या सायकलीची खोट सांगितली, आणि ती सायकल त्यांना मोठ्या जावयाने दिलेली होती.

तिसरं ठिकाण मध्यस्थाने तुमसरचं आणलं. मुलगा मोतीलाल तिथल्या राईस मिलमध्ये कामाला होता. साधनाने आधीच्या दोन्ही वेळी नाक मुरडलं होतं, यावेळी मुलाकडचे पाहून गेल्यावर ती आईजवळ जाऊन नुसती हसली. सत्यभामावहिनींनी नवऱ्याला देवापुढे उभं करून शपथ घ्यायला लावली, की लग्न जुळेपर्यंत कशाबद्दलच मत द्यायचं नाही. पंधरा दिवस तो बिचारा छत्र्या मुकाट्याने शिवत होता. गिऱ्हाइकं हळहळत परत जात होती, आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती.

आमच्याकडे मुलगी पाहून गेल्यावर मुलाकडचा एखादा माणूस न सांगता गावात येतो. हॉटेलात बसतो, चार लोकांना विचारतो, आणि कोणाच्या घराचं विचारायचंय ते शेवटपर्यंत झाकून ठेवतो. बाजाराच्या दिवशी तुमसरच्या बसमधून असाच एक माणूस उतरला. तो मोतीलालचा मामा तेजराम. मुलगी पाहायला तो आला नव्हता, म्हणून त्याला आम्ही ओळखत नव्हतो आणि तो आम्हाला. त्याने हॉटेलवाल्याला विचारलं, इथे खरं बोलणारा कोण आहे? हॉटेलवाल्याने माझ्याशेजारी चहा पीत बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. म्हणाला, हे पारखी, यांना विचारा.

तेजराम समोर येऊन बसला, इकडचं तिकडचं बोलला, धानाचं पीक विचारलं. मग हळूच म्हणाला, "इथं नीळकंठ नावाचे कोणी तीन एकरवाले शेतकरी आहेत म्हणतात. घर कसं आहे?"

नीळकंठने कप खाली ठेवला. मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. नुसतं चांगलं आहे म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण पंधरा दिवस कोंडलेलं मत आणि समोर मत मागणारा माणूस! तो सांगू लागला. घर साधं आहे, बाई गुणी आहे. जमीन तीन एकर खरी, पण त्यातली अर्धी भावाची. नुसती शेती करतो हे मध्यस्थाने वाढवून सांगितलं, पोट छत्र्यांच्या दुरुस्तीवर चालतं. माणूस इमानदार आहे, पण बोलतो फार. दोन ठिकाणं त्याच्या तोंडानेच मोडली. मी त्याच्या पायावर पाय देऊन अक्षरशः उभा राहिलो, पण त्याला काही लागलं नाही.

तेजराम मान डोलवत ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "आणि पोरगी?"

"पोरगी चांगली आहे," नीळकंठ म्हणाला आणि थांबला.

"खोट?"

मी वाट पाहत राहिलो. ज्याने माझ्या दोन ट्रान्झिस्टरांत खोट काढली, तो आता छताकडे पाहत होता, ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मग त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले. त्या क्षणी माझा सगळा राग गेला.

"तिचं मले नका इचारू, भाऊ," तो म्हणाला. "मी तिचा बाप आहो. माह्या मताले इथं किंमत नाही."

तेजराम उठला, तिघांच्या चहाचे पैसे दिले आणि बस धरायला गेला.

आम्ही धरून चाललो, की तिसरंही गेलं. सत्यभामावहिनी आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. साधना बोलत होती, पण खाली पाहून, आणि ते त्याला जास्त लागत होतं. दुकान उघडून तो नुसता बसून राहायचा. नवव्या दिवशी तुमसरहून कार्ड आलं. वाचायला त्याने ते माझ्याकडेच आणलं. तेजरामने लिहिलं होतं: "पोरगी पसंत आहे. आजवर पोरींची चौकशी पाच गावांत केली, बापाची खोट स्वतः बापानं सांगितली ते तुमच्याच गावात. तारीख काढा."

वैशाखात लग्न झालं. महिन्याभराने नीळकंठ पहिल्यांदा लेकीच्या घरी जाऊन आला. बस आली तेव्हा स्टँडवर पंधरावीस जण जमले होते, मीही होतो. तुमसरच्या त्या घरात नवा रेडिओ आहे, विजेचा पंखा आहे, हे आम्ही ऐकून होतो, आणि पारख्याचं मत ऐकायचं होतं. रेडिओ कसा आहे, कोणीतरी विचारलं. पंखा? घर तरी कसं आहे?

तो पिशवी खांद्यावर घेऊन उभा राहिला.

"पाह्यलंच नाही," तो म्हणाला. "मी पोरीकडेच पाहून राह्यलो होतो."